पनवेल नावाची नौका आणि एक महावीर चक्र

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसून निघाले म्हणजे समोर द्रोणागिरीचा डोंगर हळूहळू वर येऊ लागतो. त्याच्या पायथ्याशी उरण वसले आहे, आणि उरणच्या दक्षिणेस, धरमतरच्या खाडीच्या मुखापाशी, करंजा हे कोळ्यांचे जुने बंदर आहे. तेथून पुढे दक्षिणेस गेले म्हणजे थळच्या समोर भर समुद्रात खांदेरीचे बेट लागते. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकास, खाडीच्या आतल्या अंगास, पनवेल आहे. पूर्वी येथे गलबतांची मोठी ये-जा असे. ज्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत आणि आज रायगड म्हणतात, त्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील ही तीन नावे आहेत. किनाऱ्यावरील माणसास ती आपल्या घरच्या उंबरठ्याइतकी परिचयाची आहेत. परंतु ही तीनही नावे भारतीय नौदलाच्या युद्धनौकांच्या अंगावर कोरली गेली आणि त्यांपैकी दोन नावांचा एका महावीर चक्राशी फार निकटचा संबंध आहे, ही गोष्ट मात्र त्याच किनाऱ्यावरील पुष्कळांस ठाऊक नसते. त्या पदकाची आणि ते मिळविणाऱ्या कमांडर मोहन नारायण राव सामंत या नौदल अधिकाऱ्याची ही हकीकत आहे.

प्रथम पदकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. महावीर चक्र हे परमवीर चक्राच्या खालोखालचे पदक होय. भूमीवर, समुद्रावर अथवा आकाशात, प्रत्यक्ष शत्रूसमोर दाखविलेल्या असामान्य शौर्याबद्दल ते देण्यात येते. त्याची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांस ते लागू करण्यात आले. पदक चांदीचे व वाटोळे असून त्याचा व्यास सुमारे साडेतीन सेंटिमीटर असतो. त्यावर पाच टोकांचा एक तारा असून त्याची टोके पदकाच्या कडेस टेकलेली असतात आणि मध्यभागी सोन्याचा मुलामा दिलेले राजचिन्ह असते. मागील बाजूस पदकाचे नाव व दोन कमळे असतात. फीत अर्धी पांढरी व अर्धी नारिंगी असते. वजनाने पाहता ही वस्तू लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढीच. पदकासोबत एक गौरवपत्र असते, आणि पदक कशाबद्दल मिळाले हे त्या पत्राच्या चार-सहा ओळींत सांगितलेले असते. या ओळी खऱ्या असतात; पण त्या नेहमी पुऱ्या असतातच असे नाही. सामंतांच्या बाबतीत हेच घडले.

सामंत हे भारतीय पाणबुडी दलाच्या पहिल्या पिढीतील अधिकारी. १९६५ पर्यंत आपल्या नौदलाजवळ एकही पाणबुडी नव्हती. पुढे सोव्हिएट रशियाकडून पाणबुड्या घेण्याचे ठरले, आपले खलाशी व अधिकारी त्या दूरच्या थंड देशात जाऊन ही विद्या शिकले, आणि १९६७ ते १९६९ या तीन वर्षांत चार पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या. त्यांतील दुसरीचे नाव खांदेरी व तिसरीचे करंज. १६७९ साली शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर तट उभारून इंग्रज व सिद्दी या दोघांच्याही आरमारांस तोंड दिले, ते बेट आणि आपले करंजा ही दोन्ही नावे अशा रीतीने समुद्राच्या पोटात शिरली. ४ सप्टेंबर १९६९ रोजी बाल्टिक समुद्रावरील रीगा येथे करंज नौदलात दाखल झाली आणि तिचे पहिले कप्तान म्हणून कमांडर सामंत यांची नेमणूक झाली. त्या वेळी सुवेझचा कालवा बंद होता. त्यामुळे रशियाहून निघालेल्या या नौकांस सबंध आफ्रिका खंडास वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून मायदेशी यावे लागे. पाण्याखालची नौका चालविणाऱ्यास दोन गुण अंगी बाणवावे लागतात, एक म्हणजे धीर आणि दुसरा म्हणजे मौन. या दोन्ही गुणांची गरज सामंतांस लवकरच, पण अगदी निराळ्या जागी पडली.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लष्कराने आपल्याच प्रजेवर शस्त्र धरले. त्या वेळी पाकिस्तानची मांग्रो नावाची एक नवी पाणबुडी फ्रान्समधील तुलाँ बंदरात होती. तिच्यावरील काही बंगाली खलाशांनी स्वदेशातील वार्ता ऐकून नौका सोडण्याचे ठरविले. ते गुपचूप निघाले, स्पेनमधील भारतीय वकिलातीत पोहोचले, आणि त्यांच्यापैकी आठ जण एप्रिलमध्ये दिल्लीस आले. या आठ जणांच्या आगमनातून नौदलाच्या मनात एक योजना आकारास आली. पूर्व बंगाल हा नद्यांचा देश आहे. तेथील सैन्यास लागणारा दारूगोळा व धान्य जहाजांनी येते आणि तेथला ताग जहाजांनीच बाहेर जातो. ही जहाजे बंदरातच बुडविली तर सैन्याची नाडी आखडेल, असा तो विचार होता. बंगाली तरुणांस पाण्यातून लढण्यास शिकवून हे काम त्यांच्याच हातून करावयाचे ठरले. ॲडमिरल नंदा हे तेव्हा नौदलाचे प्रमुख होते, आणि या गुप्त मोहिमेची प्रत्यक्ष सूत्रे कमांडर सामंतांकडे सोपविण्यात आली.

शिक्षणाच्या छावणीसाठी जी जागा निवडण्यात आली ती इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. भागीरथीच्या काठचे ते प्लासी होय. १७५७ साली ज्या भूमीवर बंगालचे स्वातंत्र्य गेले, त्याच भूमीवर दोनशे चौदा वर्षांनी बंगालचे चारशेंहून अधिक तरुण स्वातंत्र्यासाठी पोहावयास शिकले. त्यांतील कित्येक शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी होते, कित्येक शेतकऱ्यांची मुले होती. नदीकाठचीच मुले असल्यामुळे पाण्याचे भय त्यांस नव्हते. परंतु रात्रीच्या अंधारात, पोटाशी वजन बांधून, आवाज न करता तासन्‌तास पोहणे ही विद्या निराळी. त्यांच्या हाती द्यावयाचे शस्त्र म्हणजे लिंपेट नावाचा सुरुंग. आपल्या किनाऱ्यावरील खडकांना एक लहान शंखाचा प्राणी असा घट्ट चिकटून बसलेला असतो की, तो बोटांनी सुटत नाही. इंग्रजीत त्यास लिंपेट म्हणतात. त्याचेच नाव या सुरुंगास पडले, कारण तो लोहचुंबकाच्या साह्याने जहाजाच्या बुडाशी तसाच चिकटून राहतो. हा सुरुंग छातीस बांधून पोहत जावयाचे, पाण्याखाली बुडी मारून तो जहाजास लावावयाचा, आणि तो फुटण्यापूर्वी दूर निघून जावयाचे, एवढेच ते काम. सांगावयास सोपे, करावयास प्राण पणास लावणारे.

येथे भरती-ओहोटीचा विचार केल्याखेरीज पुढील गोष्ट नीट समजणार नाही, आणि तो विचार रायगडच्या किनाऱ्यावरील माणसास समजावून सांगावा लागत नाही. करंज्याहून रेवसला जाणारा तांडेल पाणी पाहून निघतो. सुमारे दर सहा तासांनी पाण्याची दिशा पालटते, उधाणाच्या दिवसांत खाडीचे पाणी पुरुषभर उंचीहूनही पुष्कळ अधिक चढते आणि ओहोटीस त्याच जागी चिखल व तिवरांची मुळे उघडी पडतात. सुंदरबनातील नद्या म्हणजे हीच धरमतरची खाडी शेकडो फाट्यांनी पसरलेली आहे, अशी कल्पना करावी. तेथेही समुद्राचे पाणी कित्येक मैल आत शिरते, तेथेही काठाला चिखल व खारफुटी, आणि तेथेही पाण्याच्या वेगाविरुद्ध पोहू पाहणारा मनुष्य थकून बुडतो. म्हणून हल्ल्याची वेळ ठरविताना चंद्राची तिथी व पाण्याचे वळण ही दोन्ही पाहावी लागत.

वेळ ठरली तरी ती चार निरनिराळ्या बंदरांजवळ दडून बसलेल्या तुकड्यांस कळवावयाची कशी? येथे आकाशवाणी कामास आली. कलकत्ता केंद्रावरून ठरलेल्या वेळी दोन ठरलेली बंगाली गाणी लावण्यात आली. पहिल्या गाण्याचा अर्थ सिद्ध व्हा, दुसऱ्याचा अर्थ निघा. घरोघर ती गाणी ऐकणाऱ्यांस त्यांत गाण्याखेरीज काही दिसले नाही. परंतु तुकड्यांच्या नायकांनी आपापल्या लहान रेडिओवर ती ऐकली, आणि ऑगस्ट १९७१ च्या मध्यास एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज या चारही ठिकाणी जहाजांच्या बुडाशी सुरुंग फुटले. त्यानंतर युद्धास तोंड फुटेपर्यंत हे हल्ले थांबले नाहीत. परक्या देशांच्या जहाजांस त्या बंदरांत येण्याचे भय वाटू लागले. जगाने हे सर्व मुक्तिवाहिनीच्या तरुणांचे कार्य म्हणून ऐकले, आणि ते खरेही होते. ज्यांनी त्यांस शिकविले त्यांची नावे मात्र कोठेही आली नाहीत.

३ डिसेंबर १९७१ रोजी उघड युद्ध सुरू झाले, तेव्हा या गुप्त कार्याचा शेवटचा व उघडा टप्पा आला. मोंगला व खुलना ही नदीवरील दोन बंदरे अद्याप शत्रूच्या हाती होती. मोठ्या युद्धनौका त्या उथळ व वळणदार पाण्यात शिरू शकत नव्हत्या. म्हणून सामंतांच्या हाताखाली चार लहान नौकांचा एक ताफा उभा करण्यात आला. पद्मा व पलाश या दोन नौका वस्तुतः कलकत्ता बंदराच्या कामाच्या बोटी होत्या. त्यांवर चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवून त्यांस लढाऊ रूप देण्यात आले होते, आणि त्यांवर बहुतांशी मुक्तिवाहिनीचे बंगाली खलाशी होते. तिसरी चित्रांगदा ही सीमा सुरक्षा दलाची. आणि चौथी, ज्या नौकेवर स्वतः सामंत होते, ती रशियन बनावटीची नौदलाची लहानशी गस्ती नौका. या जातीच्या नौकांस किनाऱ्यावरील गावांची नावे दिलेली होती: पणजी, पुरी, पांबन, पुलिकत, आणि पनवेल. सामंतांची नौका होती पनवेल. तिचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नरोन्हा. करंजच्या पहिल्या कप्तानास, आपल्या किनाऱ्यापासून इतक्या दूर, पुन्हा आपल्याच किनाऱ्याचे नाव असलेली नौका मिळाली हा योगायोग खरा.

हसनाबादहून सुंदरबनाच्या नद्यांतून मार्ग काढीत हा ताफा पूर्वेस निघाला. वाट अनोळखी, पाण्याची खोली अनिश्चित, दोन्ही काठांस दाट रान. परंतु ज्या वाटेने कोणी येईल अशी शत्रूस शंका नव्हती त्याच वाटेने ताफा आला आणि मोंगल्यास शत्रूची दाणादाण उडाली. १० डिसेंबरच्या दिवशी चित्रांगदेस मोंगल्यास ठेवून पनवेल, पद्मा व पलाश या तीन नौका खुलन्याकडे नदीने वर निघाल्या. विमानांतून ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळ्या रंगाची खूण केलेली होती आणि वायुदलास तशी सूचना दिलेली होती.

दुपारच्या सुमारास खुलना दृष्टीच्या टप्प्यात आले असता आकाशात तीन विमाने दिसली. ती भारतीय होती. आपलीच विमाने आहेत हे जाणून नौकांनी तोफा आवरल्या. परंतु वरून पाहणाऱ्या वैमानिकांस खाली दिसल्या त्या शत्रूच्या बंदराजवळील शत्रूच्या नौका. युद्धाच्या धुमश्चक्रीत अशा चुका सर्व देशांच्या सैन्यांत घडल्या आहेत, आणि त्यांत कोणाचा द्वेष नसतो. परंतु ज्याच्या अंगावर बाँब पडतो त्यास तो आपला आहे की परका आहे हे सांगून काय उपयोग? पद्मावर बाँब पडला, नंतर पलाशवर पडला. दोन्ही नौका पेटल्या व नष्ट झाल्या. पलाशच्या इंजिनघरात रुहुल अमीन नावाचा बंगाली कारागीर होता. नौका सोडण्याचा हुकूम झाला तरी तो यंत्रापासून हलावयास तयार होईना. त्याच दिवशी त्याचा अंत झाला, आणि बांगलादेशाने पुढे आपला सर्वोच्च वीरसन्मान ज्या सात जणांस दिला त्यांत त्याचे नाव आहे.

पाण्यात पडलेल्या माणसांवर आता काठावरून शत्रूच्या बंदुका सुरू झाल्या. वर आपली विमाने, काठावर शत्रू, आणि मध्ये नदीत जखमी खलाशी, अशी ती स्थिती होती. पनवेल ही एकच नौका शिल्लक राहिली होती, आणि तीही पूर्ण सुरक्षित नव्हती. अशा वेळी परत फिरण्याचा निर्णय कोणी घेतला असता तर त्यास दोष देता आला नसता. उरलेली नौका वाचविणे हेही सेनापतीचे कर्तव्यच असते. सामंतांनी दुसरे कर्तव्य पत्करले. पनवेल तेथेच राहिली. त्यांनी पाण्यातील पुष्कळ माणसे वर घेतली, आणि एवढे झाल्यावरही हल्ला सोडून न देता तो पुढे चालविला. पद्मावरील चिमण सिंग हा लीडिंग सीमन, म्हणजे साधा खलाशी, अंगात लोखंडाचे तुकडे घुसले असताही दोन बुडत्या सोबत्यांस पोहत काठास घेऊन गेला. ते निसटावेत म्हणून तो स्वतः शत्रूच्या समोर धावला, आणि शेवटी कैद झाला. विजयानंतर त्याची सुटका झाली. १६ डिसेंबर रोजी ढाक्यास शरणागतीच्या कागदावर सही झाली.

त्या युद्धात नौदलाच्या वाट्यास आठ महावीर चक्रे आली. कराचीवर धाड घालणाऱ्यांस, विक्रांत या विमानवाहू नौकेच्या कप्तानास, खुकरीबरोबर जलसमाधी घेणाऱ्या कॅप्टन मुल्ला यांस ती मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या आठांपैकी तीन पदके नदीतील या चिमुकल्या ताफ्यास मिळाली, हे फारसे कोणी सांगत नाही. ती तीन पदके सामंत, नरोन्हा आणि चिमण सिंग यांची. एक ताफ्याचा नायक, एक नौकेचा कप्तान आणि एक खलाशी, अशा तीन पायऱ्यांवरील तिघांस एकाच दिवसाच्या कसोटीतून एकच पदक मिळावे, यात त्या दिवसाची योग्यता दिसते.

आता गौरवपत्राकडे पुन्हा वळू. सामंतांच्या गौरवपत्रात म्हटले आहे की, ताफ्यावर आकाशातून सतत हल्ले झाले, मुक्तिवाहिनीच्या दोन नौका बुडाल्या, आणि स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्यांनी पुष्कळ लोकांस वाचविले. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. विमाने कोणाची होती एवढेच त्यात नाही. त्या वेळी ते न लिहिणे समजण्यासारखे आहे. युद्ध नुकतेच संपले होते आणि मोहीम गुप्त होती. परंतु पुढे जेव्हा ते सत्य नौदलाच्या इतिहासात उघडपणे लिहिले गेले, तेव्हा त्याने पदकाचे तेज कमी झाले नाही. उलट, पदक कशाबद्दल होते ते अधिक स्पष्ट झाले. शत्रूच्या माऱ्यात टिकून राहण्यास क्रोध साह्य करतो. आपल्याच माणसाच्या चुकीने आपली माणसे डोळ्यांदेखत मरत असताना क्रोध कोणावर करावयाचा? तेथे मनुष्य एक तर खचतो, नाही तर हातातले काम करीत राहतो. सामंतांनी बुडणाऱ्यांस हात दिला. पांढऱ्या-नारिंगी फितीचा अर्थ त्या दिवशीपुरता एवढाच होता.

आपल्याकडे मुलांस वीरांच्या गोष्टी सांगताना चूक, गोंधळ व दुर्दैव यांचा भाग वगळण्याची चाल आहे. त्यामुळे वीर हा कधी न चुकणाऱ्या जगात वावरणारा कोणी निराळा प्राणी आहे असे मुलांस वाटू लागते. खुलन्याची गोष्ट संपूर्ण सांगितली तर तसे वाटणार नाही. आणि त्या वैमानिकांविषयीही मुलांच्या मनात कटुता न येता, युद्ध ही काय वस्तू आहे याची जाणीव येईल.

सामंत कॅप्टन या हुद्द्यावरून निवृत्त झाले. ज्या मोहिमेने त्यांस पदक दिले तिच्याविषयी त्यांस दीर्घकाळ मौनच पाळावे लागले. अखेर त्यांनी त्या आठवणी लिहून काढल्या. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ हे इंग्रजी पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले. परंतु ते वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, मुंबईत सामंतांचे देहावसान झाले होते.

त्यांची जुनी करंज २००३ साली सेवेतून निवृत्त झाली. नौदलात मात्र नाव मरत नाही. १० मार्च २०२१ रोजी माझगाव गोदीत बांधलेली नवी करंज मुंबईस नौदलात दाखल झाली, आणि त्या समारंभास प्रमुख पाहुणे म्हणून ॲडमिरल शेखावत उपस्थित होते. १९७१ च्या युद्धात जुन्या करंजचे कप्तानपद सांभाळून त्यांनी वीर चक्र मिळविले होते. म्हणजे एका करंजच्या दोन कप्तानांस त्या एका युद्धात दोन पदके मिळाली, एकास नौकेवर असताना आणि दुसऱ्यास ती सोडून नदीत उतरल्यावर.

आजही करंज्याच्या बंदरात मासळीच्या होड्या लागतात, आणि शेजारीच नौदलाची दारूगोळ्याची कोठारे आहेत. पनवेलची खाडी गाळाने भरली असून तेथे गलबते येत नाहीत. गावाचे शहर झाले आहे आणि तेथून रोज सहस्रावधी माणसे आगगाडीने मुंबईस जातात. त्यांच्यापैकी कोणास आपल्या स्टेशनाच्या पाटीवरील चार अक्षरे वाचून खुलन्याच्या नदीतील ती दुपार आठवावी, अशी अपेक्षा करणे अधिक होईल. परंतु रायगडच्या किनाऱ्यावरील शाळांतून भूगोल शिकविताना पनवेल, करंजा आणि खांदेरी ही नावे नकाशावर दाखविली जातातच. शिक्षकाने त्याच वेळी बंगालच्या नकाशावर खुलना दाखवावे, आणि पनवेल नावाची एक नौका एके काळी तेथे होती, ती तेथून आपल्या माणसांना टाकून निघाली नाही, एवढे मुलांस सांगावे. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.